मीटिंगमध्ये मुद्दा सोडून माणसावर घसरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीतल्या एका 32 फ्लॅटच्या सोसायटीत मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. पगार शून्य, शिव्या भरपूर. त्या काळात सर्वसाधारण सभेत जे जे ऐकलं, आणि खरं सांगायचं तर जे जे मी स्वतः बोललो, त्यावरून हे लिहितोय. आता ओळखीपाळखीचे कमिटीवाले फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी. उदाहरणं सोसायटीची आहेत पण ऑफिस, घर, गावकी, मंडळ, कुठेही हेच चालतं.

वैयक्तिक हल्ला म्हणजे नेमकं काय?

समोरच्याने एक मुद्दा मांडला, तुम्ही त्या मुद्द्याला उत्तर द्यायचं सोडून त्या माणसाला उत्तर दिलंत. बस, एवढंच. त्याचं वय, पगार, बायको, जात, थकबाकी, गाव, काहीही काढलंत तरी मुद्दा जिथे होता तिथेच राहतो आणि सगळे त्या माणसाकडे बघायला लागतात.

आमच्याकडची गोष्ट सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू, मिस्टर जाऊन वर्ष झालेलं, एरवी मीटिंगला मागे बसून स्वेटर विणायच्या. एका वर्षी हिशोबाच्या वेळी हात वर केला आणि विचारलं की लिफ्टचं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, आपण कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतलंय ना, म्हणजे पार्ट्सचे पैसे त्यातच आले, मग दोर बदलल्याचे 38,400 रुपये वेगळे कसे लागले? शांतता. आणि मग कमिटीतल्या एकाने कागदावरून मान न उचलता म्हटलं, "काकू, तुमचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स राहिलाय, आधी तो भरा, मग बोला." लोक हसले. काकू खाली बसल्या. हिशोब मंजूर झाला. मी तिथेच होतो, मिनिट्स मीच लिहीत होतो, आणि मी लिहिलं "चर्चेअंती हिशोब एकमताने मंजूर".

काकूंचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

शिवी दिली की तो वैयक्तिक हल्लाच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. शिवी हा उद्धटपणा झाला. उद्धट माणूस मुद्द्यावर बोलू शकतो, आणि मुद्दा चुकवणारा माणूस अत्यंत गोड बोलू शकतो.

ही दोन वाक्यं बघा.

एक : "अहो काय येड्यासारखं बोलताय, माणशी 135 लिटर धरतात, 32 घरं गुणिले 4 माणसं म्हणजे रोज 17 हजार लिटरच्या वर गेलं, आणि तुम्ही 10 हजाराची टाकी पुरेल म्हणता?"

दोन : "ताई, तुमचा अभ्यास दांडगा आहे, मानलं. पण कसं आहे ना, तुम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे खेळायच्या जागेचं महत्त्व तुम्हाला नाही समजायचं."

पहिला माणूस असभ्य आहे, त्याने माफी मागायला हवी, पण त्याने टाकीचं गणित मांडलंय आणि ते खोडता येतं किंवा मान्य करता येतं. दुसऱ्याने एकही वाकडा शब्द वापरला नाही, ताई म्हणाला, स्तुती केली, आणि त्या बाईला सगळ्यांसमोर सोलून ठेवलं. खेळायच्या जागेत पार्किंग करावं की नाही हा प्रश्न तसाच राहिला.

आमच्या सोसायटीत सगळ्यात जास्त नुकसान गोड बोलणाऱ्यांनी केलंय हे माझं प्रामाणिक मत आहे.

मग ओळखायचं कसं?

मी चिठ्ठी लावून बघतो. समजा हाच मुद्दा कुणीतरी नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहून तक्रारपेटीत टाकला असता, तर तुमचं उत्तर चाललं असतं का? "कॉम्प्रिहेन्सिव्ह एएमसीत दोराचे पैसे वेगळे का?" अशी निनावी चिठ्ठी आली तर "आधी मेंटेनन्स भरा" हे उत्तर कुणाला देणार? पेटीला? देता येत नाही, म्हणजे ते त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच.

याउलट "आपलं एएमसी कॉम्प्रिहेन्सिव्ह नाहीये, साधं आहे, हे बघा अ‍ॅग्रीमेंट" हे उत्तर चिठ्ठीलाही चालतं, काकूंनाही चालतं, अध्यक्षांनाही चालतं.

साधारण कुठले प्रकार बघायला मिळतात?

यादी करायला बसलो तर वही भरेल, पण काही ठरलेले आहेत.

सगळ्यात कॉमन म्हणजे "आधी तुमचं बघा". लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हण छान आहे, ठसक्यात म्हणता येते आणि म्हणूनच घातक आहे. जिन्यात चपला ठेवू नका असं सांगणाऱ्याच्याच दारात चार जोड पडलेले असतील, असतीलही, पण त्याने जिना मोकळा होत नाही ना. आग लागली तर तुमच्याही चपलांना अडखळायचं आणि त्याच्याही. थकबाकीचंही तसंच, थकबाकीवर काय करायचं ते आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीत, लिहिलंय, ठरलेल्या दराने व्याज लावा. तीन महिने थकले म्हणून त्या बाईची बेरीज चुकते असं कुठल्याही उपविधीत नाही.

दुसरा हेतूचा. "तुमचा काहीतरी इंटरेस्ट असणार", "बिल्डरने किती दिले?", "मागच्या वेळी कमिटीत घेतलं नाही म्हणून पोटात दुखतंय". रिडेव्हलपमेंट निघालं की हा प्रकार पावसाळ्यातल्या बेडकासारखा सगळीकडून ऐकू येतो. हो म्हणणारा विकला गेलेला, नाही म्हणणाराही विकला गेलेला, फक्त दुसऱ्या बिल्डरला. आम्ही एका मीटिंगमध्ये अडीच तास बसलो, त्यात कार्पेट एरिया किती वाढणार यावर दहा मिनिटं बोललो असू, बाकी सगळा वेळ कोण कुणाबरोबर हॉटेलात दिसला यात गेला.

वयाचा. "तुझं वय काय, बोलतोस काय", "हे केस उन्हात नाही पांढरे झाले". आणि त्याची उलटी बाजू, जी तरुण पोरं बिनदिक्कत वापरतात, "काका तुम्हाला ऑनलाइनचं नाही कळणार". काका महाराष्ट्र बँकेतून... बरं जाऊ दे, बँकेतून रिटायर झालेत, तुमच्या आधीपासून ताळेबंद वाचतायत.

बायकांच्या वाट्याला येणारा. "तुमच्या मिस्टरांना पाठवा." फ्लॅट तिच्या नावावर, शेअर सर्टिफिकेट तिच्या नावावर, आणि मिस्टरांना पाठवा! ती चिडली तर मग "बघा, बायकांशी बोलायची सोयच नाही, लगेच इमोशनल होतात". म्हणजे आधी डिवचायचं आणि मग डिवचल्याचा परिणाम पुरावा म्हणून दाखवायचा. ही चलाखी पुरुषांवरही वापरतात, पण बायकांवर जास्त, मी मोजलं नाहीये पण डोळे आहेत मला.

आणि आडनावाचा. हा आपल्याकडचा खास आहे आणि यावर कुणी बोलत नाही. कुणी पाण्याच्या वाटपावर बोलायला उठला की मागून हळूच "आडनाव काय यांचं?" यात शिवी नाही, आरोप नाही, एक साधा प्रश्न, तोही कुजबुजत. पण तो विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं की उत्तर मिळालं की पुढचं ऐकायची गरज नाही, "हां मग बरोबर, ते लोक असंच बोलणार". "ते लोक", "तुमच्याकडचे", "बाहेरून आलेले" हे शब्द कानावर पडले की समजा मुद्दा मेला. घाटावरचे आणि कोकणातले, देशावरचे आणि विदर्भातले, पेठेतले आणि उपनगरातले, आपल्याकडे पर्याय कमी नाहीत.

भाडेकरूचा थोडक्यात सांगतो. भाडेकरू सभासद नाही, त्याला मत नाही, हे बरोबर. पण गच्चीवरच्या टाकीत मेलेलं कबूतर आहे हे भाडेकरूने सांगितलं तरी कबूतर मेलेलंच असतं.

लिफ्टचं काय? तळमजल्यावाला म्हणतो मी लिफ्ट वापरतच नाही. त्याला "तुम्ही तळमजल्यावर राहता म्हणून असं म्हणता" म्हटलं तर तो वैयक्तिक हल्ला का?

अर्धा. तो कुठे राहतो हे सांगून तुम्ही त्याचा स्वार्थ दाखवला, पण तो चूक आहे हे नाही दाखवलं. स्वार्थी माणूस बरोबरही असू शकतो, आपण सगळेच आपल्या सोयीचं बोलतो, चौथ्या मजल्यावालाही सोयीचंच बोलतोय की.

खरं उत्तर सरळ आहे. आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा देखभाल दुरुस्ती खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, लिफ्ट वापरा नाहीतर वापरू नका. हे वाक्य वाचून दाखवा, वीस सेकंद लागतात. आमच्याकडे हा वाद चार वर्षं चालला कारण उपविधींचं पुस्तक कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली आधीच्या खजिनदाराकडे होती, आणि त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. का बोलत नव्हतं? वर सांगितलं तसलंच माणसावर घसरणं.

मग माणसाबद्दल बोलायचंच नाही का कधी?

बोलायचं की. जिथे माणूस हाच मुद्दा आहे तिथे बोलायलाच पाहिजे, तिथे "पर्सनल होऊ नका" म्हणणारा बहुतेक वेळा काहीतरी लपवत असतो.

समजा रंगकामाची तीन कोटेशन्स आली आणि सेक्रेटरीने सुचवलेला कॉन्ट्रॅक्टर त्याचाच मेव्हणा निघाला. हे सांगणं हल्ला नाही. सोसायटीच्या कंत्राटात कमिटीवाल्याचा स्वतःचा आर्थिक संबंध नको हा नियमच आहे, कारण तिथे निवड कोण करतोय यालाच महत्त्व आहे. तसंच खजिनदार कुणाला करायचं ही चर्चा असेल तर मागच्या वेळी या गृहस्थांनी पावत्या दिल्या होत्या का हे विचारायलाच हवं. किंवा कुणी म्हणालं "मी स्वतः पाहिलं, वॉचमन झोपला होता", तर तुम्ही त्या रात्री गावाला होतात ना हा प्रश्न एकदम रास्त आहे, तो आपल्या डोळ्यांच्या भरवशावर बोलतोय तर डोळे तिथे होते का ते बघणार ना आपण.

पण मेव्हण्याचं कोटेशन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं असू शकतं हेही लक्षात ठेवा. नातं कळलं म्हणजे कोटेशन तपासायचं, फाडायचं नाही.

लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत 352 नंबरचा नियम आहे, त्यात सभासदाने बोलताना काय काय करू नये ते दिलंय. त्यातलं एक असं की दुसऱ्या सदस्याच्या हेतूवर शंका घेणारा किंवा त्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवणारा व्यक्तिगत उल्लेख करायचा नाही, चर्चेसाठी तो अगदी आवश्यक असेल, म्हणजे तोच वादाचा विषय असेल किंवा त्याच्याशी संबंधित असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे अपवाद नियमातच घातलाय. आणि बदनामीकारक आरोप करायचा असेल तर पुढचाच नियम, 353, आधी नोटीस द्या म्हणतो. टीव्हीवर बघून वाटत नाही हे नियम आहेत असं, पण आहेत. मी ते आमच्या मीटिंगला वाचून दाखवले होते तेव्हा मागून आवाज आला, "स्वतःला स्पीकर समजतो का?"

हे सगळं लॉजिकचं खूळ बाहेरून आलंय ना? आपल्याकडे असं काही होतं का?

भरपूर होतं, आणि जास्त बारीक होतं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने 17 व्या शतकाच्या शेवटी माणसाला धरून केलेल्या युक्तिवादावर लिहिलं, आणि त्याचा अर्थही आजच्यापेक्षा वेगळा होता, समोरच्याच्याच तत्त्वांवरून त्याला कोंडीत पकडणं असा. गौतमाची न्यायसूत्रं, म्हणजे तर्कशास्त्रावरचा जुना संस्कृत ग्रंथ, त्याच्या कितीतरी शतकं आधीची. त्यात चर्चेचे तीन प्रकार केलेत. खरं काय ते शोधायला दोघं बसतात तो वाद, जिंकण्यासाठी वाटेल ते करून भांडतात तो जल्प, आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खोडत बसणं ती वितंडा. वितंडवाद हा शब्द आपण रोज वापरतो, तो इथला. गंमत बघा, "वाद" हा त्यातला चांगला शब्द आहे, आपण त्याचा अर्थ भांडण करून टाकला.

त्यातच वादात हरल्याच्या 22 जागा मोजल्यात, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातली एक मतानुज्ञा, आणि ही मला फार आवडते. तुमच्यावर दोष आला, तुम्ही तो खोडला नाहीत, उलट म्हणालात की हाच दोष तुझ्यातही आहे. न्यायवाल्यांचं म्हणणं, इथे तुम्ही हरलात, कारण "तू पण" म्हणताना "मी आहे" हे तुम्ही कबूल केलंत. म्हणजे "तू चोर" ला "तू पण चोर" हे उत्तर दिलं की एक चोर तर तिथल्या तिथे सिद्ध झाला.

हे आमच्या माजी अध्यक्षांना सांगितलं तर म्हणाले, "संस्कृत आम्हालाही येतं."

मोठमोठी माणसं पण हेच करायची ना? मग आपण कोण?

करायची, आणि त्यांच्यावरही व्हायचं. 19 व्या शतकातलं पुणं या बाबतीत आपल्या कुठल्याही सोसायटीच्या वरताण होतं. आगरकरांची तर ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली होती विरोधकांनी. त्यांच्या लेखांना उत्तर म्हणून तिरडी!

पण मला त्यातली दुसरीच एक जोडी सांगायचीय. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचा पुरस्कार करायचे. 1873 साली त्यांची पहिली पत्नी वारली आणि वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी लग्न केलं ते 11 वर्षांच्या रमाबाईंशी, विधवेशी नाही. झालं, लोकांना आयतं सापडलं. बोलतात एक, करतात एक. रानड्यांवर टीका म्हणून ही टीका रास्तच आहे, मी त्यांची बाजू घेत नाही, तिथे ते कचरले. पण विधवेने लग्न करावं की नाही या प्रश्नाचं उत्तर रानड्यांच्या घरात नव्हतं. ते चुकले म्हणून कुणा विधवेचं आयुष्य सोपं होणार होतं का?

आणि मग 20 वर्षांनी, 1893 साली, धोंडो केशव कर्व्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं, गोदूबाईंशी. आता तर बोले तैसा चाले झालं ना? तर मुरुडला, त्यांच्या गावी, बहिष्कार. न केलं तर ढोंगी, केलं तर धर्मबुडवे. म्हणून "आधी स्वतः करून दाखवा" असं कुणी म्हणालं की मला कर्वे आठवतात, करून दाखवल्यावर म्हणणारा गप्प बसतोच असं नाही.

माझ्यावर असा हल्ला झाला तर मी काय करू?

पहिलं म्हणजे खुलासा देत बसू नका. हेच आमिष असतं. काकूंनी जर "अहो पेन्शनचे कागद अडकलेत, पुढच्या महिन्यात भरते" असं सुरू केलं असतं तर पुढची वीस मिनिटं पेन्शनवर गेली असती. त्या गप्प बसल्या तरी मुद्दा गेला, खुलासा दिला असता तरी गेला असता.

मला जे थोडंफार जमलं ते असं : एका वाक्यात मान्य करा किंवा बाजूला ठेवा, आणि लगेच प्रश्न परत तसाच विचारा. "हो, तीन महिने राहिलेत, व्याजासकट भरीन. आता दोराचे पैसे वेगळे का लागले ते सांगा." आवाज न वाढवता. परत घसरला तर परत तेच वाक्य, शब्दही बदलू नका. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला की बसलेल्यांनाही कळायला लागतं की उत्तर येत नाहीये. हे बोलायला सोपं आहे, घशाला कोरड पडते, हात थरथरतात, मला माहितीये. म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या. थरथरत्या हाताने वाचला तरी चालतो. शक्य असेल तर सभेआधी लेखी देऊन पोच घ्या, कागदाला कुणी "तुमचं वय काय" विचारत नाही.

उलट हल्ला? मजा येते हो, खोटं कशाला बोलू. टाळ्याही मिळतात. पण मग दोघांचा सामना सुरू होतो आणि लोक खुर्च्या वळवून बघत बसतात.

मीच करत असेन तर कसं कळणार?

कळत नाही, हीच तर पंचाईत आहे. समोरचा करतो तेव्हा तो हल्ला, आपण करतो तेव्हा ते "तोंडावर खरं बोलणं". आपला तो बाब्या.

माझ्यापुरती एक खूण सापडलीय. माझी वाक्यं "तुम्ही" ने सुरू व्हायला लागली की मी घसरलोय. "तुम्ही नेहमीच", "तुम्हाला काय", "तुमच्यासारखे". टाकी, पाइप, बिल, ठराव यांनी वाक्य सुरू होत असेल तर ठीक चाललंय. दुसरी खूण, समोरच्याचं म्हणणं मला त्याच्या शब्दांत परत सांगता येतंय का? नसेल येत तर मी त्याचं ऐकलेलंच नाही, मी फक्त तो कोण आहे ते बघितलंय. आणि तिसरी जरा लाजिरवाणी : लोक हसले की मला बरं वाटलं. टाकीच्या गणितावर कुणी हसत नाही.

कळल्यावर काय करायचं, तर तिथल्या तिथे "हे मी चुकीचं बोललो, सोडा, मुद्द्यावर येतो". सात शब्द आहेत. "कुणाला वाईट वाटलं असेल तर" असली जर-तरची माफी नको, त्यात परत समोरच्यालाच हळवा ठरवलं जातं.

दुसऱ्या कुणावर होत असेल तर मी मधे पडू का?

पडा. हे सगळ्यात जास्त उपयोगी आणि सगळ्यात कमी होणारं काम आहे. भांडणात उडी नका मारू, कुणाची बाजू पण घेऊ नका, फक्त म्हणा की "त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय". एवढ्याने तो प्रश्न एकट्या काकूंचा राहत नाही. दोघांचा झाला, तिघांचा झाला की थकबाकी काढून उपयोग नसतो, कारण मग कुणाकुणाची काढणार?

अध्यक्ष असाल तर तुमचं कामच आहे ते. आणि मिनिट्स लिहिणारे असाल तर प्रश्न लिहा आणि "उत्तर देण्यात आले नाही" असं लिहा. मी लिहिलं नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय करायचं?

तिथे वाद घालू नका. रात्री अकरानंतर तर अजिबातच नाही. पाण्याची वेळ, लिफ्ट बंद, कुणाची तरी गाडी मधे, एवढ्यासाठी ग्रुप ठीक आहे.

गंमतीत बोललो तरी हल्ला? आपण मराठी माणसं, टोमणा मारल्याशिवाय जेवण जात नाही.

खरंय. आणि टोमणे नसलेली मीटिंग मलाही नको, झोप लागेल. टोमणा मुद्द्याला मारला तर मुद्दा उलट लक्षात राहतो. आमच्याकडे एकजण वॉटरप्रूफिंगच्या बिलावर म्हणाले होते, "एवढ्या पैशात तर पाऊसच दुसरीकडे वळवला असता." लाजवाब! बिलाचीच टर उडवली आणि बिल परत तपासलं गेलं. हेच जर खजिनदाराच्या टकलावर असतं तर हसलो असतो आणि बिल पास झालं असतं.

कायद्याचं काही आहे का यात?

वादात माणसावर घसरणं हा काही गुन्हा नाही, नाहीतर तुरुंग पुरले नसते. पण काही रेषा आहेत. खोटा आरोप करून चारचौघांत अब्रू घालवली तर बदनामी, ती आधी भारतीय दंड संहितेच्या 499 आणि 500 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवेची शिक्षा. सार्वजनिक हितासाठी केलेलं खरं विधान याला अपवाद आहे. समोरच्याने चिडून शांतता भंग करावी म्हणून मुद्दाम अपमान केला तर कलम 352, योगायोगाने लोकसभेच्या त्या नियमाचाच नंबर. बाईच्या विनयाला धक्का लावायच्या हेतूने काही बोललं तर कलम 79. आणि अनुसूचित जाती जमातीच्या माणसाला लोकांसमोर जातीवरून शिवीगाळ किंवा अपमान केला तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, तिथे "रागात बोललो" हे चालवून घेतील असं समजू नका.

एवढं असूनही ऊठसूट नोटिसा पाठवू नका. आमच्याकडे एकाने पाठवली होती, पत्रावर पत्रं गेली, आणि ज्या गटारावरून वाद होता ते अजून तुंबतं.

घरात हेच करता येतं का?

घरात कठीण आहे. नवराबायकोच्या भांडणात सगळ्या जुन्या फायली उघड्या असतात. "तुझ्या आईसारखं" हे वाक्य मात्र बंद करा, एवढंच सांगतो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

त्या काकूंचं पुढे काय झालं?

थकबाकी त्यांनी त्याच महिन्यात भरली. चेक द्यायला माझ्याच घरी आल्या होत्या, व्याज स्वतः काढून आणलेलं, पैशापर्यंत बरोबर. दोराबद्दल परत एक शब्द बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

दोन वर्षांनी ऑडिटरने फाइल मागितली तेव्हा अ‍ॅग्रीमेंट निघालं. कॉम्प्रिहेन्सिव्हच होतं. दोर, मोटर, दरवाजाचे सेन्सर, सगळं त्यात. आम्ही तोवर आणखी दोनदा पार्ट्सचे वेगळे पैसे भरले होते. पत्रव्यवहार करून त्यातले थोडे परत मिळाले, 38,400 त्यात नाहीत, ते फार जुने झाले म्हणे.

मी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं की तुमचं बरोबर होतं. चहा दिला, म्हणाल्या, "मला तेव्हाच माहीत होतं." मीटिंगला आता त्या येत नाहीत. मुलगा येतो, मागे बसतो. मागच्या वर्षी त्याने हिशोबाच्या वेळी हात वर केला तर कुणीतरी म्हणालं, तुम्ही सभासद नाही आहात, आईंना पाठवा.